फाट्यावरची पन्नी समुद्रात कशी पोचते? प्लास्टिक प्रदूषण : माहिती आणि उपाय

देवगाव फाट्यावर सेलू, जिंतूर आणि मंठ्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात. लोक उतरतात, चहा घेतात, पाण्याची बाटली आणि भज्याची पुडी घेतात आणि पुढे निघून जातात. मागे राहतात कप, पन्न्या, रॅपर. परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, त्यामुळे 'समुद्रातलं प्लास्टिक' म्हटलं की तो मुंबई-कोकणवाल्यांचा विषय आहे असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. शाळेत हा धडा शिकवताना मुलंही हेच विचारतात, "सर, आपला काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो नदीचा आहे. आपल्या नाल्यातली पन्नी समुद्रापर्यंत कशी जाते, तिथे तिचं काय होतं, कायदा काय म्हणतो, इतर ठिकाणी कोणते उपाय चालले आणि आपल्या घरात, दावतीत, मोहल्ल्यात काय करता येईल, ही सगळी माहिती या लेखात एकत्र देत आहोत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. ज्या प्लास्टिकला भंगारात भाव आहे ते सहसा कोणी ना कोणी उचलतं. ज्याला भाव नाही, तेच नाल्यात राहतं आणि पुढे समुद्राकडे जातं.

आपल्या नाल्यापासून बंगालच्या उपसागरापर्यंत

आपल्या भागातलं पावसाचं पाणी ओढ्या-नाल्यांनी दुधना आणि पूर्णा नद्यांच्या खोऱ्यात उतरतं. सेलू तालुक्यात दुधनेवर निम्न दुधना प्रकल्प आहे. दुधना पुढे पूर्णेला मिळते, आणि पूर्णा आपल्याच जिल्ह्यात गोदावरीला मिळते. गोदावरी नांदेडवरून तेलंगणात जाते, तिथून आंध्र प्रदेशात उतरते आणि राजमहेंद्रीच्या पुढे फाटे फुटून बंगालच्या उपसागराला मिळते. त्र्यंबकेश्वरपासून समुद्रापर्यंत तिची लांबी सुमारे १४६५ किलोमीटर आहे.

आता कोणी म्हणेल, मध्ये एवढी धरणं आणि बंधारे आहेत, पन्नी तिथेच अडकणार. बरोबर आहे. बरंचसं प्लास्टिक काठावरच्या बाभळीला, बंधाऱ्याच्या दारांना आणि धरणाच्या गाळात अडकतं. पण ते तिथे संपत नाही. उन्हाने कडक होतं, तुटतं, बारीक होतं. मोठा पूर आला आणि दरवाजे उघडले की बारीक झालेले तुकडे पाण्याबरोबर पुढे सरकतात. हा प्रवास एका पावसाळ्यात होईलच असं नाही, त्याला कित्येक वर्षं लागू शकतात. प्लास्टिकला घाई नसते, कारण ते कुजत नाही.

उन्हाळाभर कचरा नाल्यात साचतो आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस तो उचलून नेतो. म्हणून नाला साफ करायचा तर मे महिन्यात. जुलैत साफ करायला गेलो तर माल निघून गेलेला असतो.

आकडे काय सांगतात

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ साली जगभरातल्या प्लास्टिकचा हिशेब मांडला. २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालं होतं. त्यातून जो कचरा झाला त्यातला फक्त ९ टक्के पुन्हा वापरासाठी प्रक्रियेला गेला, १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला ७९ टक्के कचरा-डेपोत किंवा उघड्यावर पडला.

समुद्राबद्दलचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आकडा २०१५ सालच्या एका अभ्यासातला आहे. त्यानुसार २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १२७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं. पण हा हिशेब किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लोकांच्या कचऱ्याचा होता. म्हणजे परभणी, जालना, हिंगोली त्यात धरलेलेच नाहीत. नंतर नद्यांचा वेगळा अभ्यास झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के प्लास्टिक हजारांहून जास्त नद्या मिळून नेतात. आधी समज होता की जगातल्या मोजक्या मोठ्या नद्याच याला जबाबदार आहेत. शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटाही मोठा निघाला.

समुद्रात गेल्यावर काय होतं

पॅसिफिक महासागरात प्रवाहांच्या भोवऱ्यात कचरा गोळा झालेला एक मोठा पट्टा आहे. १९९७ साली चार्ल्स मूर या दर्यावर्दीच्या तो लक्षात आला. २०१८ सालच्या मोजणीप्रमाणे त्याचं क्षेत्र सुमारे १६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट आहे. बरेच लोक समजतात की तिथे कचऱ्याचं बेट आहे आणि त्यावर चालता येईल. तसं नाही. तिथे पाण्यात विखुरलेले तुकडे आहेत, आणि वजनाने बघितलं तर त्यातला जवळजवळ निम्मा भाग मासेमारीच्या टाकून दिलेल्या जाळ्यांचा आहे.

समुद्री कासवं जेलीफिश खातात. पाण्यात तरंगणारी पन्नी त्यांना जेलीफिशसारखीच दिसते. पन्नी पोटात गेली की पोट भरल्यासारखं वाटतं आणि प्राणी उपाशी मरतो. मार्च २०१९ मध्ये फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर मेलेल्या एका देवमाशाच्या पोटातून ४० किलो प्लास्टिक निघालं. हे आपल्याला लांबचं वाटायचं कारण नाही. उकिरड्यावर चरणाऱ्या गायीच्या आणि शेळीच्या पोटात हेच होतं. भाजीचे देठ आणि शिळी पोळी आपण पन्नीत बांधून फेकतो, जनावर ती गाठ सोडू शकत नाही, पन्नीसकट खातं. जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, पोटातून पन्न्यांचे गोळे काढल्याचे किस्से ते सांगतील.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. मोठं प्लास्टिक तुटून ते तयार होतं, तसंच पॉलिस्टरचे कपडे धुतानाही त्यातून बारीक धागे सुटून पाण्यात जातात. २०१८ साली आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी बाजारातलं समुद्री मीठ तपासलं, तर त्यात सूक्ष्मप्लास्टिक सापडलं. वाळूच्या साध्या गाळणीने त्यातलं बरंचसं काढता येतं, असंही त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब असला तरी त्यातलं मीठ रोज आपल्या सालनात आहे. २०२२ साली नेदरलँड्समध्ये २२ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण मिळाले. त्याचा शरीरावर नेमका किती परिणाम होतो यावर शास्त्रज्ञांचं काम चालू आहे. पण जे रक्तात नको ते कमी करायला अंतिम निकालाची वाट बघायची गरज नाही.

भाव असलेलं आणि भाव नसलेलं

आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन शाळेजवळच्या रस्त्याकडेचा कचरा गोळा करून वेगळा केला. हातमोजे, गोण्या आणि एक वजनकाटा, एवढंच साहित्य. ढीग लावून झाल्यावर मुलांनीच एक गोष्ट ओळखली. पाण्याच्या बाटल्या जवळजवळ नव्हत्या, फुटक्या बादल्या आणि तेलाचे कॅन तर नव्हतेच. ढीग होता पातळ पन्न्यांचा, वेफर-कुरकुऱ्यांच्या पाकिटांचा, शाम्पूच्या पुड्यांचा, गुटख्याच्या पुड्यांचा आणि चहाच्या कपांचा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हेही मुलांनीच आठवण करून दिलं.

बाटल्या कुठे गेल्या? भंगारवाल्याकडे. आपल्या समाजातले कितीतरी लोक या धंद्यात आहेत. सकाळी हातगाडी किंवा सायकल घेऊन निघतात, कचऱ्यातून बाटली, कॅन, तुटकी खुर्ची, दुधाची पिशवी वेचतात आणि गोदामात वजनावर विकतात. लोक त्यांच्याकडे नाक मुरडून बघतात. पण गावातलं प्लास्टिक नदीपासून अडवणारं सगळ्यात मोठं काम आज हेच लोक करतात, तेही कुठल्या पगाराशिवाय आणि बऱ्याचदा हातमोज्यांशिवाय.

भंगारात भाव कशाला मिळतो ते समजून घेऊ. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याची आणि कोल्ड्रिंकची बाटली, २ म्हणजे कॅन आणि शाम्पूच्या जाड बाटल्या, ५ म्हणजे डबे, मग, खुर्च्या. या तिन्हींना भाव असतो, कारण त्या एकाच जातीच्या प्लास्टिकच्या असतात आणि वितळवून पुन्हा दाणे करता येतात. वेफरच्या पाकिटात मात्र दोन-तीन वेगवेगळ्या थरांचं प्लास्टिक आणि आतून चकाकणारा ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. हे थर वेगळे करायला जो खर्च येतो तो मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. पातळ पन्नीचं वजनच भरत नाही. दिवसभर वेचून किलो होत नाही, मग कोण वेचणार?

दुसरं उदाहरण शेतातलं घ्या. खताची रिकामी गोणी कधी नाल्यात दिसते का? नाही, कारण तिच्यात कापूस भरता येतो, सोयाबीन भरता येतं, पावसात डोक्यावर घेता येते. मल्चिंगचा फाटलेला पेपर मात्र बांधावर उडत असतो. दोन्ही प्लास्टिकच, पण एकाचा उपयोग राहिलेला आहे आणि दुसऱ्याचा संपलेला.

कायदा काय म्हणतो

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी तुंबण्याची कारणं अनेक होती, त्यातलं एक होतं नाल्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. त्यानंतर राज्याने पातळ पिशव्यांवर निर्बंध आणले. पुढे २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली आणि २३ जून २०१८ पासून दंडाची कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडल्यास ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी घातली. प्लास्टिकच्या प्लेट, कप, ग्लास, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या आणि कँडीच्या काड्या, मिठाईच्या बॉक्सवरची पातळ फिल्म या त्यात येतात. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीही देशात कुठेच चालत नाही. याशिवाय, जी कंपनी प्लास्टिकच्या पाकिटात माल विकते तिनेच तितकं प्लास्टिक परत गोळा करून त्याची व्यवस्था लावायची, अशी जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे.

कायदा आहे आणि पन्नीही आहे, हे सगळ्यांना दिसतं. धाड पडली की भाजीवाल्याचं नुकसान होतं, आणि ज्या कारखान्यात ती पन्नी तयार झाली तो दुसऱ्या दिवशी चालूच असतो. भाजीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, पन्नी नाही दिली तर गिऱ्हाईक शेजारच्या गाड्यावर जातं. खरं आहे. म्हणून गिऱ्हाइकाने पिशवी आणली तरच भाजीवाला सुटेल.

कुठे काय करून पाहिलं

वर्सोवा, मुंबई. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने ८४ वर्षांच्या एका शेजाऱ्याला बरोबर घेऊन वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली. दर शनिवार-रविवार लोक वाढत गेले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं अंड्यांतून बाहेर पडून समुद्राकडे गेली. पण पावसाळा आला की समुद्र पुन्हा कचरा आणून टाकतो, म्हणून नंतर त्यांनी मिठी नदीवरही काम सुरू केलं. कचरा खाली वेचत बसण्यापेक्षा वर अडवावा लागतो, हा त्यातला धडा.

कोल्लम, केरळ. पूर्वी मच्छीमारांच्या जाळ्यात माशांबरोबर प्लास्टिक आलं की ते पुन्हा पाण्यात फेकलं जायचं. २०१७ साली शक्तिकुलंगरा बंदरावर ते परत आणायचं ठरलं. बोटींना पिशव्या दिल्या, किनाऱ्यावर महिला ते धुऊन वेगळं करू लागल्या आणि भाव नसलेल्या प्लास्टिकचे बारीक तुकडे डांबरी रस्त्यासाठी वापरले गेले.

डांबरात प्लास्टिक. ही पद्धत मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. यात पन्न्या आणि पाकिटं चालतात, म्हणजे ज्याला भाव नाही त्याला यात उपयोग मिळतो.

बांगलादेश. १९८८ आणि १९९८ च्या पुरांत पिशव्यांनी गटारं तुंबली. २००२ साली पातळ पॉलिथिन पिशव्यांवर देशभर बंदी घालणारा तो जगातला पहिला देश ठरला. मात्र अंमलबजावणी ढिली पडली आणि ज्या देशात ताग पिकतो त्याच देशात पन्नी परत आली. नुसत्या बंदीने काम होत नाही, स्वस्त पर्याय हाताशी लागतो.

सुराबाया, इंडोनेशिया. २०१८ साली इथे बसचं तिकीट प्लास्टिकच्या बाटल्या देऊन काढायची सोय सुरू झाली. बाटलीला भाव दिला की ती रस्त्यावर राहत नाही.

जागतिक करार. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत जगभरातल्या देशांनी प्लास्टिकवर एक बंधनकारक करार करायचं ठरवलं. २०२४ च्या अखेरीस बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला बैठका झाल्या, पण एकमत झालं नाही. मुख्य भांडण आहे ते प्लास्टिकचं उत्पादनच कमी करायचं की फक्त कचरा सांभाळायचा, यावर.

जाळू नका

गावात बरेच जण संध्याकाळी पन्न्यांचा ढीग करून काडी लावतात. त्यांना वाटतं, साफसफाई झाली. उघड्यावर कमी तापमानात प्लास्टिक जळालं की विषारी धूर होतो, आणि पीव्हीसीसारखं प्लास्टिक जळताना डायॉक्सिन तयार होतं. तो धूर चुलीजवळच्या बाईच्या आणि अंगणात खेळणाऱ्या लेकराच्या छातीत जातो. चूल पेटवायला पन्नी वापरणं तर ताबडतोब बंद करा.

आपण काय करू शकतो

घरात

* गाडीच्या डिकीत, दुकानात आणि दाराच्या खुंटीला एकेक कापडी पिशवी कायम ठेवा. आपला भाग कापसाचा आहे. शिवणकाम करणाऱ्या बहिणींकडे आणि टेलरकडे कपड्याचे तुकडे पडून असतात, त्यांतून मजबूत पिशव्या होतात. बचत गटाला यातून कामही मिळेल.
* दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, नुसती चीर द्या. तो छोटा तुकडा कोणीच वेचत नाही. पिशवी धुऊन वाळवून जमा करा, भंगारात जाते.
* ओला कचरा पन्नीत बांधून फेकू नका. जनावराला द्यायचं तर टोपल्यात द्या.
* चार रुपयांच्या पुड्यांऐवजी शाम्पूची बाटली परवडते का बघा. बाटलीला पुढे भाव आहे, पुडीला नाही.

दावतीत आणि सणाला

लग्न, वलीमा, अकीका, इफ्तार यांत गेल्या काही वर्षांत प्लास्टिकचे ग्लास, फोमच्या प्लेट आणि वर अंथरायचा प्लास्टिकचा दस्तरख्वान आला. जेवण झालं की चारही टोकं धरून सगळं गुंडाळायचं आणि मंडपामागे टाकायचं. हाडं आणि भात त्याच गुंडाळीत असल्यामुळे कुत्री ती फाडतात आणि वाऱ्याने प्लास्टिक शेतात जातं. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी कापडी दस्तरख्वान असायचा, तो धुऊन पुढच्या दावतीला यायचा. पळसाच्या पत्रावळी होत्या, कलई केलेली भांडी होती.

यावर साधा उपाय आहे. मस्जिदीच्या कमिटीने किंवा मोहल्ल्यातल्या तरुणांनी वर्गणी काढून स्टीलची ताटं, वाट्या आणि ग्लास घ्यावेत आणि ज्याच्या घरी कार्य असेल त्याला नाममात्र भाड्याने द्यावेत. धुणाऱ्याला मजुरी मिळेल, यजमानाचा दर वेळचा खर्च वाचेल. सबीलीवर आणि इफ्तारला स्टीलचे ग्लास ठेवावेत, पाण्याचे पाउच नको. बकरी ईदला हिस्से वाटताना काळ्या पन्न्यांचा खच पडतो. घरोघर डबा किंवा पातेलं घेऊन जायचं, किंवा नातेवाइकांनी डबा घेऊन यायचं, एवढं ठरवलं तर एका दिवसात गावातल्या शेकडो पन्न्या कमी होतील. फिजूलखर्चीबद्दल आपल्याकडे इतकं बोललं जातं, त्यात ही पन्नीही धरायला हवी.

गावात

* स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी निधीची तरतूद होती. आपल्या तालुक्यात ते कुठे आहे आणि चालू आहे का, हे ग्रामसभेत विचारा.
* फाट्यावरच्या हॉटेलवाल्यांनी आणि टपरीवाल्यांनी मिळून दोन मोठे डबे ठेवावेत. एक बाटल्या-कॅनचा, दुसरा पन्नी-पाकिटांचा. पहिला डबा भंगारवाला फुकट नेईल. दुसरा ग्रामपंचायतीने न्यायचा.
* भंगार वेचणाऱ्यांना हातमोजे, ओळखपत्र आणि मालासाठी कोरडी जागा मिळावी अशी मागणी करा. कचरा त्यांच्या हातात वेगळा करून द्या, त्यांचा माल वाढेल आणि नाल्यातला कचरा कमी होईल.
* दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शाळा, मस्जिद, मंदिर आणि गणेश मंडळं यांची पोरं मिळून नाला साफ करा. नाला सगळ्यांचा आहे.

शेवटी

समुद्राच्या मध्यावरचा कचरा काढायला मोठी जहाजं आणि मोठा पैसा लागतो. देवगाव फाट्यावरची पन्नी अडवायला एक कापडी पिशवी, दोन डबे आणि भंगारवाल्याबद्दल थोडी इज्जत लागते. आजपासून एक सवय लावून घेऊ. कुठलीही प्लास्टिकची वस्तू हातात घेताना स्वतःला विचारायचं, वापरून झाल्यावर हिला भाव आहे का? असेल तर वेगळी ठेवायची, भंगारवाल्याला द्यायची. नसेल तर शक्यतो घ्यायचीच नाही. पुढच्या जुम्म्याला, पुढच्या बाजाराला आणि पुढच्या दावतीला हे करून बघा. आम्ही शाळेत मुलांना हेच शिकवतो आहोत, घरात त्यांचं ऐका.